सिंहगड सराव-नोंद : वेळ तोच, ठोके कमी

मंडळी, या महिन्याची नोंद. वाट नेहमीचीच, आतकरवाडी ते पुणे दरवाजा. वेळ जवळपास तोच आहे, पण मधल्या उभ्या चढावर मनगटावरचं घड्याळ पूर्वी हृदयाचे ठोके मिनिटाला १६५ दाखवायचं, तिथे आता १५२. मला वेळेपेक्षा या आकड्याचं अप्रूप जास्त.

हिशोब करून बघा. त्या चढाला मिनिटाला साधारण १६ लिटर रक्त लागतंय असं धरू (आरामात बसल्यावर ५ लिटर पुरतं). १६५ ठोक्यांत ते भागवायचं तर एका ठोक्याला ९७ मिली, १५२ मध्ये १०५ मिली. हृदय एका दमात जास्त रक्त ढकलायला लागलंय. सावकाश, गप्पा मारता येतील अशा वेगाच्या लांब चालीचं हे फळ. सुरुवातीला त्यात मोठा वाटा रक्तातला प्लाझ्मा (रक्ताचा पातळ, द्रव भाग) वाढण्याचा असतो.

ग्रुपवर कोणीतरी म्हणालं, "माझी फुफ्फुसंच कमी पडतात." बहुतेकांच्या बाबतीत तसं नसतं. धाप लागते तेव्हाही निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, आणि सिंहगड जेमतेम १३०० मीटर, तिथे हवा फारशी विरळ नसते. खरी गंमत दुहेरी रक्ताभिसरणात आहे. हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसांकडे रक्त पाठवते ती सरासरी १५ मिमी पाऱ्याच्या दाबाने, डावी बाजू अंगभर पाठवते ती नव्वदच्या वर. दाबात एवढी तफावत, पण मिनिटाला जाणारं रक्त दोन्हीकडे सारखंच. चढावर फुफ्फुसांतून तिप्पट-चौपट रक्त जातं, तरी तिथला दाब त्या प्रमाणात वाढत नाही, कारण एरवी मिटून असलेल्या केशवाहिन्या उघडतात. माशाला ही सोय नाही. त्याचं रक्त एकाच धक्क्यात आधी कल्ल्यांतून आणि मग अंगभर जातं, कल्ल्यांतच दाब बराच उतरतो.

डाव्या बाजूची कसरत वेगळी. आरामात स्नायूंकडे जेमतेम पाचवा हिस्सा रक्त जातं, जोरदार व्यायामात ८० टक्क्यांच्या आसपास. ते पोट, आतडी, मूत्रपिंडं यांच्या वाट्यातूनही काढलेलं असतं. मिसळीवर ताव मारून चढणाऱ्यांचं पोट मध्येच का कुरकुरतं ते कळलं ना? मिसळ गड उतरून आल्यावर!

वर पोचलात की लगेच कट्ट्यावर टेकू नका. पोटऱ्या आवळून-सैलावून रक्त वर ढकलत असतात. थांबलात की ते पायांतच साचतं, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटं रमतगमत फिरा, मग ताक.

पुढचा महिना एप्रिल. उन्हात त्वचाही रक्ताचा वाटा मागते, त्यामुळे त्याच वेगाला ठोके चढणारच. १५२ टिकवायचे तर मी उजाडायच्या आत चढायला लागणार. येणाऱ्यांनी टॉर्च आणा.