गेटला कुलूप असतानाची तपासणी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, उत्तरायणानंतरचा (संक्रांतीच्या पतंगांनंतरचा) पहिला दिवस म्हणजे निम्मी हजेरी, आणि आलेल्यांच्या बोटांना मांजानं कापल्याच्या पट्ट्या. सकाळी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टची रोजची चेकशीट उचलली. ब्रेक, हॉर्न, साखळी, फोर्क (माल उचलणारे दोन पोलादी काटे), बॅटरीचं पाणी, सगळीकडे टिकमार्क. 14 आणि 15 जानेवारीलाही! त्या दोन्ही दिवशी आमच्या गेटला कुलूप होतं. 16 तारखेचा रकानाही भरलेला, आणि ऑपरेटरकाका अजून चहाच पीत होते.

काकांना एकट्यांना काय बोलणार? सातला पाळी सुरू आणि सातलाच माल भरायला हवा. तपासणीसाठी वेगळी दहा मिनिटं कुणी दिलीच नव्हती.

म्हटलं, चला काका, दोघं मिळून बघू. ब्रेक, हॉर्न, इमर्जन्सी प्लग ठीक. बॅटरीच्या दोन सेलमध्ये पाणी उतरलं होतं, पण प्लेटा बुडालेल्या होत्या. ते चार्जिंग झाल्यावर भरायचं. मग फोर्कच्या हीलवरचं, म्हणजे तो काटकोनात वळतो तिथलं ग्रीस चिंधीनं पुसलं. उजवीकडे केसाएवढी रेघ.

"ओरखडा असेल हो."

तडा दाखवणारं रंगीत द्रव, डाय पेनेट्रंट, शिल्लक नव्हतं, म्हणून जुनी युक्ती केली. रॉकेल लावलं, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि खडूची पूड चोळली. बघता बघता पांढऱ्या पुडीवर ओली, काळपट रेघ उमटली, कडेपासून आत बोटभर. तडा होता. डाव्या फोर्कला कॅलिपर लावला, तर 40 मिलिमीटरची जाडी 35 वर आलेली. दहा टक्के झिजला की फोर्क बाद. तेवढ्यानंच त्याची ताकद सुमारे 20 टक्क्यांनी घटते.

डिस्पॅचचे साहेब धावत आले. "अहो, एवढी एक गाडी भरू द्या, मग मारा ना वेल्डिंग!"

हे वेल्डिंग प्रत्येक कारखान्यात कुणीतरी सुचवतंच. फोर्क हीट ट्रीटमेंट केलेल्या पोलादाचा असतो. वर्कशॉपात वेल्डिंग मारलं की नेमकी तीच जागा कमजोर होते. मी बॅटरीचा प्लग काढला, लाल टॅग लावला, किल्ली खिशात टाकली. साहेब दिवसभर बोलले नाहीत. माल हातानं ओढायच्या हँड पॅलेटनं भरला, गाडी दुपारी सुटली.

फोर्कची नवी जोडीच मागवली. चेकशीटवर आता हीलची जाडी आणि अवरमीटरचं (मशीन किती तास चाललं त्याचं) रीडिंग आकड्यात लिहायचं. काकांनी लगेच अर्ज केला: आकडे लिहायचे तर वाचायचा चष्मा कंपनीनं द्यावा.