खोकी आधी पडवीत

गेल्या महिन्यात एक गृहस्थ मुंबईहून टेम्पो घेऊन आमच्या वाचनालयात आले. त्यांचे वडील आमच्याच तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. ते गेल्यावर घर विकायचं ठरलं आणि पुस्तकांचं काय, हा प्रश्न उरला. सात खोकी. मोजली तर २१२ पुस्तकं.

मी ती आत घेतली नाहीत, पडवीतच टेबल मांडलं. कोकणातल्या हवेत हा नियम मोडून चालत नाही. नोकरीला लागले त्या वर्षी भिडेपोटी एक अख्खं कपाट न तपासता आत घेतलं होतं. दिवाळीपर्यंत पुस्तकं खाणारी कसर शेजारच्या संदर्भग्रंथांत शिरली. तेव्हापासून आधी नाक, मग डोळे. कुबट वास आला की पुस्तक बाजूला. बांधणीच्या आत भुसा किंवा वाळवीची माती आहे का ते बघायचं. मग मधल्या एका पानाचा कोपरा हलकेच दुमडायचा. तुकडा हातात आला तर कागदातल्या आम्लानं तो ठिसूळ झालेला असतो. असं पुस्तक देवघेवीत टिकत नाही.

गाजलेल्या कादंबऱ्या आमच्याकडे असतातच, पण आमची प्रत खिळखिळी झाली असेल तर दानातली धडधाकट प्रत मी आनंदानं घेते. आयकर, संगणक, स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शकं मात्र नाही म्हणजे नाही. जुना अभ्यासक्रम वाचून एखादी मुलगी परीक्षेला बसली तर दोष आमचा. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या २३ खंडांपैकी चार निघाले. सुटे खंड एरवी नाकारते. यातले दोन आमच्या संचात नव्हते, तेवढे ठेवले.

नकार दारातच द्यावा लागतो. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला की पुस्तक संस्थेची मालमत्ता होतं. पुढे काढायचं तर निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी करायच्या पुस्तकांची, यादी करा, कार्यकारी मंडळात ठराव घ्या. म्हणून मी सरळ सांगितलं, "अहो, सगळी नाही ठेवता येणार. उरलेली परत नेता, की शाळांना विचारू?" ते बराच वेळ खोक्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शाळांना द्या. पण बाबांच्या सहीचं एखादं तरी इथे राहू दे." असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात तुटतं.

सहाव्या खोक्याच्या तळाशी एक दोनशेपानी वही होती. गुरुजींनी बदलीच्या गावांत ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, निळ्या शाईत. छापील नाही, किंमत नाही, दुसरी प्रत कुठेही नाही. आमच्यासारख्या वाचनालयानं नाही जपली तर कोण जपणार? त्या दिवशी ३७ पुस्तकं ठेवली आणि ही वही. देणगीदाराच्या रकान्यात गुरुजींचं नाव लिहिलं, वर चिठ्ठी लावली: घरी देऊ नये.

प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव आणि वाडी आहे. त्यातल्या एका वाडीतून दोघी बहिणी दर शनिवारी पुस्तकं बदलायला येतात. वहीतलं एक आडनाव त्यांचंच आहे. या शनिवारी त्यांना वही दाखवणार आहे.