झीज आधीची, दुखापत अपघाताची

2022 च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढणीवर वाहतूक खोळंबली होती आणि त्या रांगेत आमची गाडी उभी होती. गाडी मी चालवत होते. मागे बसलेल्या आईला पाण्याची बाटली देण्यासाठी मी पट्टा न सोडता कमरेतून डावीकडे वळले, किंचित वाकले, आणि त्याच क्षणी मागून आलेल्या टेम्पोने आम्हाला धडक दिली. डिकी आत गेली, आईला सुदैवाने खरचटलेही नाही, आणि मी स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरले. जवळच्या रुग्णालयात विचारणा झाली तेव्हा "कंबर थोडी अवघडली आहे, बाकी काही नाही," असे मी सांगितले आणि केसपेपरवर तेवढेच लिहिले गेले. धडकेच्या वेळी मी वळलेली होते, हे त्यांनी विचारले नाही आणि मलाही सांगावेसे वाटले नाही. पुढची दोन वर्षे त्या एका ओळीने माझा पिच्छा पुरवला.

चौथ्या दिवशी पहाटे उजव्या नितंबापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने, पावलाच्या वरच्या भागापर्यंत विजेची तार ओढावी तशी कळ गेली. खोकला आला की ती दुप्पट होई. आठवड्याभरात अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या आणि चालताना चप्पल पायातून निसटू लागली. कमरेला मार लागला असताना पाय का दुखावा, हा माझा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही.

कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांमध्ये आपण जिला गादी म्हणतो ती चकती असते. तिचे बाहेरचे कडे चिवट तंतूंच्या एकावर एक थरांचे असते आणि आत पाण्याने भरलेला मऊ गर असतो. प्रौढ वयात या गादीच्या आतल्या भागाला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच; वरच्या आणि खालच्या मणक्यांतून झिरपून येईल तेवढ्यावरच तिचे पोषण होते, आणि म्हणून तिची जखम भरायला वेळ लागतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका उतरत जातो. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली, म्हणजे एल फोर-एल फाईव्हची गादी मागे सरकली, तर बहुधा पाचवी नस दाबली जाते. पावलाचा वरचा भाग आणि अंगठा तिच्याच अखत्यारीत येतात. त्याखालच्या गादीने नस दाबली, तर मुंग्या करंगळीच्या बाजूला येतात आणि टाचा उचलून चवड्यावर चालणे अवघड होते. दुखणे कमरेत असले, तरी त्याचा पत्ता पायावर लिहिलेला असतो, असे माझ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी मला सांगितले.

मग धडकेने नेमके काय केले असावे? निरोगी गादी सरळ दाबाला फार दाद देत नाही. मृतदेहांच्या मणक्यांवर झालेल्या प्रयोगांत सरळ दाब वाढवत नेला असता, गादीचे कडे फाटण्याआधी मणक्याच्या पृष्ठावरची पातळ तबकडीच मोडते, असे दिसून आले. गर मागच्या बाजूने बाहेर पडायला दाबाच्या जोडीला वाकणे लागते, आणि तेही एका बाजूला झुकून असेल तर विरुद्ध बाजूच्या मागच्या कोपऱ्यावर सर्वाधिक ताण येतो. मागून धडक बसते तेव्हा आसन कमरेला पुढे ढकलते, धड क्षणभर मागे राहते आणि कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते. मी डावीकडे झुकलेली होते, म्हणजे उजवा मागचा कोपरा आधीच ताणलेला होता. त्यामुळेच टेम्पोचा वेग फारसा नसतानाही एवढे झाले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले, आणि मला ते पटले.

कळ चार दिवसांनी का आली, हेही त्यांच्याकडूनच कळले. नस केवळ दाबली गेल्याने पाय एवढा दुखत नाही. बाहेर आलेल्या गराने नसेभोवती दाह निर्माण होतो आणि तो वाढायला काही तास, कधी काही दिवस लागतात. अपघाताच्या दिवशी "मला काही झाले नाही" असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या शरीराने अजून पुरते सांगितलेले नसते, इतकेच.

तीन आठवड्यांनी एमआरआय झाला. अहवालात एल फोर-एल फाईव्हची गादी उजवीकडे बाहेर आल्याचे लिहिले होते, पण त्याच्या आधीच्याच ओळीत 'झीजेचे बदल' हे शब्द होते. माझे वय तेव्हा त्रेचाळीस होते. नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीच्या बाजूने सगळा भर याच दोन शब्दांवर दिला गेला: आजार जुना आहे, अपघाताशी त्याचा संबंध नाही, आणि पहिल्या दिवशीच्या कागदावर पायाचा उल्लेखही नाही.

या युक्तिवादाने मी फार दुखावले गेले, आणि म्हणून त्याविषयी मी जरा खोलात शिरून वाचले. 1994 मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 लोकांचे एमआरआय काढून पाहण्यात आले, तेव्हा त्यांतल्या 52 टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली आढळली आणि 27 टक्के लोकांची पुढे आलेली. मात्र गर फुटून बाहेर पडल्याचे चित्र जेमतेम एक टक्का लोकांतच होते. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही 37 टक्क्यांच्या गादीत झीज दिसते. म्हणजे चाळिशीतल्या बाईच्या एमआरआयवर झीज दिसली, यावरून तिचे दुखणे अपघाताचे नाही असे ठरत नाही. आणि प्रामाणिकपणे मान्य करायचे, तर गादी पुढे आलेली दिसली एवढ्यावरून दुखणे अपघाताचेच आहे, असेही ठरत नाही. चित्र दोन्ही बाजूंनी मुके आहे. ते बोलते केव्हा, तर पायातली कळ, मुंग्यांची जागा, स्नायूंची ताकद आणि चित्रात दाबलेली दिसणारी नस या चारही गोष्टी एकाच ठिकाणी बोट दाखवतात तेव्हा. उताणे झोपवून पाय सरळ वर उचलण्याची तपासणी त्यासाठीच करतात. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान पोटरीपर्यंत कळ गेली, तर नस ताणली जात असल्याचा संशय बळावतो. या सर्व नोंदी तारखेसह कागदावर असणे अहवालातल्या शब्दांइतकेच महत्त्वाचे असते.

उपचारांविषयी थोडक्यात लिहिते. दोन दिवसांपलीकडे अंथरुणात पडून राहू नका, असे मला सांगितले गेले. औषधे, चालणे आणि नंतर फिजिओथेरपी एवढ्यावरच बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत उतरते. बाहेर पडलेला गराचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते, आणि फुगलेल्या गादीपेक्षा पूर्ण सुटा झालेला तुकडा विरण्याची शक्यता जास्त असते, हे ऐकून मला फार धीर आला. शस्त्रक्रियेविषयी नेदरलँड्समधला 2007 चा अभ्यास डॉक्टरांनी मला समजावला. त्यात सायटिकाच्या, म्हणजे कमरेतली नस दुखावून पायात कळ जाणाऱ्या, 283 रुग्णांपैकी काहींची लवकर शस्त्रक्रिया झाली आणि इतरांना आधी वाट पाहायला सांगितले गेले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले 95 टक्के लोक बरे झाले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना मध्यंतरी शस्त्रक्रिया करावीच लागली. मी वाट पाहिली. एक गोष्ट मात्र वाट पाहण्याची नव्हे: लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, जांघांच्या आतला व बसण्याचा भाग बधिर झाला, पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागते, कारण तेव्हा तो खालचा सगळा झुपकाच दाबला जात असतो.

दाव्याची सुनावणी 2024 मध्ये झाली. "ही झीज अपघाताआधीची आहे, हे खरे ना?" असे उलटतपासणीत डॉक्टरांना विचारण्यात आले. त्यांनी "हो, असेल," असे सरळ उत्तर दिले आणि मग स्वतःच्या नोंदी वाचून दाखवल्या: अपघातानंतर अकराव्या दिवशी उजव्या अंगठ्याची ताकद पाचपैकी तीन, डाव्याची पाचपैकी पाच. झिजलेली गादी घेऊन ही बाई अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत शाळेत रोज पाच तास उभी राहून शिकवत होती, असेही ते म्हणाले. माझ्या वकिलांनी राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालाचा आधार घेतला. कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माणूस काय काम करतो हे पाहून दुसरी ठरवावी लागते, असे त्या निकालात म्हटले आहे.

मागितली तेवढी नाही, तरी भरपाई मिळाली. आज अंगठ्याची ताकद पाचपैकी चारच्या वर आहे. तासाभराच्या प्रवासानंतर ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय नेताना तो किंचित जड वाटतो, म्हणून साताऱ्याला जाताना घाट लागण्यापूर्वी मी गाडी बाजूला घेते आणि दहा मिनिटे चालते. आई आता पाण्याची बाटली स्वतःच्या मांडीवर घेऊन बसते.