एप्रिलमधली निरभ्र रात्र आणि परसातला फुलोरा

न्यू जर्सीत मार्चअखेर चार दिवस ऊन तापलं की परसातलं जर्दाळू लगेच फुलतं. एप्रिलच्या मध्याला पीच येतं, महिनाअखेरीस सफरचंद. पण पारा गोठणबिंदूखाली नेणाऱ्या रात्री तोवर संपलेल्या नसतात. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यू यॉर्क आणि व्हरमाँटकडच्या सफरचंदांच्या आणि द्राक्षांच्या बागांना अशाच एका रात्रीनं झोडपलं. बागायतदाराकडे निदान मोठे पंखे असतात. परसात दोन-चार झाडं लावणाऱ्याकडे जुन्या चादरी असतात, आणि त्या नीट वापरल्या तर पुरतात.

आधी कळी कुठल्या अवस्थेत आहे ते पाहा. टोक नुकतं रुपेरी दिसू लागलेली सफरचंदाची कळी १५ अंश फॅरनहाइटपर्यंत (पुढचे अंशही फॅरनहाइटमधलेच) बरीचशी तगते. तीच पूर्ण उमलली की २८ अंशांवर (उणे २.२ सेल्सिअस) अर्धा तास राहिली तरी शंभरातली दहा फुलं जातात, आणि २५ वर नव्वद. पीचचं फूल किंचित काटक, २७ आणि २४. म्हणजे सगळा खेळ तीन अंशांचा! त्यामुळे फोनवरच्या '३३' या आकड्यावर निर्धास्त झोपू नये. तो आकडा जमिनीपासून पाच-सहा फुटांवरच्या हवेचा, आणि बहुधा जवळच्या विमानतळावरचा. तुमचं परस सखल असेल तर तिथे चार अंश कमी सहज भरतात. साधा तापमापक फांदीच्या उंचीवर टांगा. त्याआधी तो बर्फाच्या पाण्यात बुडवून ३२, म्हणजे गोठणबिंदू, दाखवतो का ते बघा. स्वस्तातले तापमापक दोन-दोन अंशांनी चुकतात.

घात करते ती निरभ्र, बिनवाऱ्याची, कोरडी रात्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आकाशाकडे उष्णता सोडत राहते. ढग असले तर त्यातली बरीच परत मिळते, नसले तर गेली. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि कुंपणाशी तुंबते. उताराच्या टोकाला फटी नसलेलं लाकडी कुंपण असेल तर खालच्या फळीला वीतभर मोकळीक द्या, गारठ्याला वाट मिळते. वारा सुटून थंडी आली, तर मात्र चादरीही उडतात आणि उपायही.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं. आपल्याला उष्णता आणायची नाही, जमिनीतली राखायची आहे. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालची माती चांगली वीतभर खोल भिजवा. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते. गवत बारीक कापा. आणि लाकडाच्या भुशाचं जाड आच्छादन घातलं असेल तर बहराच्या दिवसांपुरतं बाजूला ओढा. आच्छादन जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. उन्हाळ्यात उपकारक ठरणारी ही गोष्ट एप्रिलमध्ये नडते.

आता चादर. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे झाडाच्या डोक्यावर कापड टाकून ते बुंध्याशी दोरीनं आवळणं. दिसतं छान, काडीवरच्या गोळीसारखं, पण जमिनीची ऊब बाहेरच राहते. कापड चारही बाजूंनी जमिनीला टेकलं पाहिजे, कडेला विटा. झाडाभोवती चार बांबू रोवून वर कापड ताणा, सांध्यांना कपड्यांचे चिमटे लावा. फुलांना कापड जितकं कमी टेकेल तितकं बरं. प्लॅस्टिक तर अजिबात टेकू नये, जिथे चिकटतं तिथलं फूल करपतं. सोलापुरी चादर दवानं भिजली की जड होते आणि फांद्या वाकवते. जुनी सुती साडी हलकी पडते, पण पन्हा जेमतेम सव्वा वार, म्हणून दोन साड्या कडेला कड लावून टाचाव्या आणि दुहेरी घ्याव्या. विकतचं जाड रो कव्हर, म्हणजे रोपं झाकायचं हलकं कापड, (चौरस वाराला दीड औंस) सहा-आठ अंश राखतं, पातळ अर्ध्या औंसाचं दोन-चार. झाकायचं ते सूर्य मावळण्याआधी. रात्री अकराला आठवण झाली तर तोवर अर्धी ऊब गेलेली असते. सकाळी पारा ३५-४० वर गेला की काढायचं, नाहीतर मधमाश्या बाहेरच घोटाळतात.

आठ फुटांच्या वर झाड वाढू देऊ नये, हा नियम या एका रात्रीसाठीही पाळण्यासारखा आहे.

पारा २५ च्या खाली जाणार असेल तर आत नाताळातल्या दिव्यांची माळ सोडा, पण जुनी, तापणाऱ्या बल्बची. सी-९ या मोठ्या आकाराचा एक बल्ब सात वॅटचा, पंचवीसांची माळ १७५ वॅट. आठ फुटी झाडाला दोन माळा. एलईडी उजेड देतात, ऊब जवळजवळ नाही. बल्ब कापडाला टेकू देऊ नका, आणि जोडणी बाहेर वापरायच्या जीएफसीआय (वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या) सॉकेटवरच करा.

पाइपानं झाडावर पाणी मारावं का? बागायतदार तुषार सिंचन करतात कारण पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं. पण त्याच पाण्यातलं एक ग्रॅम बाष्प झालं की सुमारे ६०० कॅलरी ओढून नेतं. म्हणून सुरू केलं की बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू ठेवावं लागतं. पहाटे चारला पाणी बंद पडलं तर फूल कोरड्या फुलापेक्षा जास्त थंड होतं, शिवाय बर्फाच्या वजनानं फांद्या मोडतात. घरच्या नळावर हा जुगार खेळू नये. निफाडकडे द्राक्षबागेत पेटवतात तशा शेकोट्या इथे परसात पेटवायला बहुतेक गावांची मनाई असते, आणि नुसत्या धुरानं ऊब अडत नाही, हेही खरं.

सकाळी लगेच काही कळत नाही. पाकळ्या ताज्या दिसतात, आतलं मेलेलं असतं. दुपारपर्यंत थांबा. निरनिराळ्या उंचीवरच्या वीसेक कळ्या तोडा आणि ब्लेडनं मधोमध आडव्या कापा. मध्यभागी हिरवट दिसलं तर जिवंत, तपकिरी-काळा ठिपका दिसला तर गेलं. खालच्या फांद्यांवर नुकसान जास्त दिसेल, तिथे हवा अधिक थंड असते. सफरचंदाच्या गुच्छात मधलं फूल सगळ्यांत आधी उमलतं आणि आधी मरतंही. बाजूची चार बहुतेकदा वाचतात, फळं किंचित लहान धरतात. शंभरातली आठ-दहा फुलं टिकली तरी सफरचंदाचं झाड भरतं, पीचला पंधरा-वीस लागतात. त्यामुळे निम्म्या कळ्या काळ्या निघाल्या म्हणून झाड सोडून देऊ नका. फक्त त्या वर्षी विरळणीची, म्हणजे जास्तीची फळं काढून टाकण्याची, घाई नको. थंडीचा धोका पूर्ण टळल्यावर, फळं गोटीएवढी झाली की सफरचंदं सहा-आठ इंचांवर एक अशी ठेवा. कढीपत्त्याची आणि लिंबाची कुंडी मात्र मेच्या मध्यापर्यंत दर रात्री गॅरेजमध्येच.