तुम्ही विचारलंत म्हणून : वॉशर गॅसवर चालवू का?

तासगावचे बेदाणावाले, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार आणि डेअरीवाले नेहमी विचारतात, ‘गरम पाण्याचा प्रेशर वॉशर (जोराच्या फवाऱ्याने धुणारं यंत्र) डिझेलऐवजी गॅसवर चालवला तर?’ चालवा. काजळी धरत नाही आणि क्रेटला डिझेलचा वास लागत नाही. फक्त सिलिंडर किती लागतील ते आधी मोजा, गणित बहुधा तिथेच फसतं.

मिनिटाला 10 लिटर पाणी 25 अंशांवरून 75 वर न्यायला तासाला 30,000 किलोकॅलरी लागतात. किलोभर एलपीजीतून सुमारे 11,000 मिळतात. त्यातल्या 85 टक्के पाण्यात उतरल्या असं धरलं तर तासाला सव्वातीन किलो गॅस. म्हणजे 19 किलोचं सिलिंडर कागदावर जवळजवळ सहा तास पुरतं. प्रत्यक्षात ज्योत कितीतरी आधी मंदावते, कारण द्रवाची वाफ व्हायला लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातूनच यावी लागते. सलग कामात एका सिलिंडरमधून तासाला साधारण किलो-सव्वा किलोच वाफ निघते. जास्त ओढलं की बाहेरून दव, मग बर्फ. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास. त्यामुळे प्रोपेन आधी निघून जातो आणि थंडीच्या पहाटे ‘संपलेलं’ सिलिंडर हलवलं तर आत द्रव डचमळतो.

अशा वेळी काही जण सिलिंडर आडवं करतात. ते कधीही करू नका. द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, त्याची सुमारे अडीचशे पट वाफ होते आणि बर्नरबाहेर भडका उडतो. खरा उपाय म्हणजे तीन-चार सिलिंडर उभी ठेवून मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्यांचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीवर, जोडणं. परवान्याशिवाय एका वेळी 100 किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे 19 ची पाच. घरगुती लाल सिलिंडर इथे वापरणं बेकायदा आहे.

डिझेलच्या बर्नरचं नुसतं नोझल बदलून भागत नाही. गॅसचा पूर्ण बर्नर बसवा. ज्योत विझताच गॅस तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी झडप) आणि पाणी वाहायचं थांबताच बर्नर बंद करणारा फ्लो स्विच हवेतच. गनचा खटका सोडला की पाणी थांबतं. तेव्हा बर्नर पेटताच राहिला तर कॉइल, म्हणजे पाणी तापवणारी वेटोळी नळी, जाते. फ्लो स्विच बायपास करून मशीन चालवणाऱ्याला तिथेच थांबवा. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलमध्ये क्षार बसतात. गॅस तेवढाच जळूनही पाणी कोमट येऊ लागलं, की आधी क्षार काढा.

सगळ्यात जास्त काळजी जागेची. धुण्याच्या जागेला गटार असतंच, आणि एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो वर न जाता गटारात उतरतो आणि लांबच्या ठिणगीला पेटतो. सिलिंडर गटारापासून दूर, उघड्यावर, सावलीत ठेवा. प्रत्येक जोडणीनंतर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा.

अमेरिकेत फरशी चमकवायची प्रोपेन इंजिनाची यंत्रं मोठ्या दुकानांत वापरतात, ती इथे आणायची का? नको. ती मेण चढवलेल्या व्हिनाइल फरशीसाठी असतात, आपल्याकडे शहाबादी, कोटा नाहीतर काँक्रीट. शिवाय बंद गोदामात इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. एअर फिल्टर तुंबला की तो आणखी वाढतो. आत काम करणाऱ्याचं डोकं दुखायला, मळमळायला लागलं तर यंत्र बंद करून त्याला आधी मोकळ्या हवेत न्या. गोदामाच्या आत बॅटरीवरचं स्क्रबर, म्हणजे फरशी घासणारं यंत्र, घ्या.