दोन्ही ब्रांच बरोबर, बिल मात्र चूक

बागायतदारांसाठी ऑर्डर आणि बिलांचं सॉफ्टवेअर आम्ही देवगडातच बनवतो. मी मूळची हिशेब सांभाळणारी. प्रोग्रॅमिंग शिकत शिकत टीममध्ये आले आणि गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, तर गेल्या हंगामातच हातात घेतलं. बदल निवडायचा (ॲड), नोंदवायचा (कमिट), सर्व्हरवर पाठवायचा (पुश), एवढंच तेव्हा यायचं.

एप्रिलमध्ये, हापूसच्या पेट्या रोज निघत असताना, एका दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. वीज गेली, पाठोपाठ रेंजही. तेवढ्यात ओळखीचे एक बागायतदार काका भिजत आले आणि बिल पुढे करून म्हणाले, "गो, पुण्याचो गिराईक इचारता, पेटीक भाडा दोनदा कसा लागला?"

बिल खरंच चूक होतं. पाडव्याच्या आसपासची बिलं मी स्वतः तपासली होती आणि ती चोख होती. म्हणजे मधल्या कुठल्यातरी कमिटने घोळ घातला होता. पण कुठल्या? ज्यांना विचारायचं त्यांचे फोन लागत नव्हते.

शेजारचा मुलगा माझ्याहून बराच लहान, पण गिटमध्ये मुरलेला. तो म्हणाला, "ताई, बायसेक्ट लावूया. त्याला नेट कशाला हवं?"

गिटला नेट लागत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी खरी उमगली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी गिट बनवलं. जगभर विखुरलेल्या लोकांनी एकाच कोडवर काम करायचं, म्हणून क्लोन करणाऱ्या, म्हणजे कोडची प्रत उतरवून घेणाऱ्या, प्रत्येकाकडे अख्खा इतिहास येतो. सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही तरी प्रत्येक जुना कमिट माझ्याच लॅपटॉपवर होता. पावसात टॉवर हमखास झोपतो अशा आमच्या भागात याचं मोल फार आहे.

बायसेक्टला आपण एक चांगला कमिट सांगायचा आणि एक वाईट. तो बरोबर मधला काढून देतो. आपण तपासून 'गुड' की 'बॅड' ते सांगायचं, की उरलेले अर्धे बाद. शंभर कमिट असले तरी साधारण सात वेळा तपासून काम होतं, हजार असले तरी दहाएक वेळा. मी एकच नमुना धरला: पाच डझनाची एक पेटी, देवगड ते पुणे. दरवेळी तेच बिल काढायचं आणि भाड्याची रक्कम बघायची. लॅपटॉपची बॅटरी उतरत होती. काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि प्रत्येक बिलाचा आकडा मोठ्याने वाचू लागले.

शेवटी गिटने पहिला वाईट कमिट दाखवला. तो होता मर्ज, म्हणजे दोन ब्रांच (कोडवरच्या कामाच्या दोन वेगळ्या वाटा) एकत्र करणारा कमिट. कमिटमधला बदल दाखवणारं 'गिट शो' करून पाहिलं तर आत बदल म्हणून काहीच दिसेना! बदल नाही, मग बिल बिघडलं कसं?

लॉगचा, म्हणजे कमिटच्या यादीचा, ग्राफ काढल्यावर दोन रेघा एकत्र येताना दिसल्या. एका ब्रांचमध्ये पेटीच्या दरातच भाडं धरलं होतं, कारण काही गिऱ्हाइकांना घरपोच दर हवा होता. दुसऱ्या ब्रांचमध्ये बिलाच्या शेवटी भाड्याची वेगळी ओळ आली होती. दोन्ही बदल आपापल्या जागी बरोबर. फाइलीही वेगळ्या, म्हणून कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन बदलांची टक्कर, आलाच नाही. गिट ओळी जुळवतं. भाडं म्हणजे काय, ते एकदाच घ्यायचं असतं, हे त्याला कुठून कळणार? ते हिशेब कळणाऱ्या माणसानेच बघायला हवं, आणि तिथे माझी जुनी नोकरी कामी आली याचा मला मनापासून आनंद झाला.

दुरुस्ती छोटी होती: दरात भाडं धरलेलं असेल तर शेवटची ओळ लावायची नाही. कमिटचा मेसेज मात्र मी सविस्तर, मराठीत लिहिला. कुठल्या दोन बदलांची गाठ पडली, कुठल्या पेटीवर तपासलं, सगळं. पुश संध्याकाळी रेंज आल्यावर झालं. मग मधल्या काळातली सगळी बिलं पुन्हा काढून गिऱ्हाइकांना जास्तीची रक्कम परत केली.

देवगड ते पुणे, पाच डझन हे नमुन्याचं बिल आता प्रत्येक मर्जआधी आपोआप निघतं. रक्कम जुळली नाही तर मर्ज अडतो.