पाण्याची वही

डायलिसिस विभागात सोमवारची सकाळ नेहमीच जड जाते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशी पाळी असलेल्या रुग्णांना शुक्रवारनंतर थेट सोमवारीच मशीन मिळते, आणि मधल्या जादा दिवसाचे पाणी अंगात साठून राहिलेले असते. एप्रिल महिन्यातील अशाच एका सोमवारी सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून येणारे आमचे एक रुग्ण काट्यावर उभे राहिले तेव्हा त्यांचे वजन ६३.४ किलो भरले. त्यांचे ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, ५८ होते. त्यांना आडवे होता येत नव्हते आणि एक वाक्य पुरे करण्यासाठी दोनदा थांबावे लागत होते. चार तासांत तीन लिटरच्या आसपासच पाणी काढता येईल, त्याहून घाईने काढले तर रक्तदाब कोसळेल, म्हणून उरलेले काढण्यासाठी मंगळवारी पुन्हा यावे, असे डॉक्टरांनी ठरवले. केसपेपरवर माझ्यासाठी एक ओळ होती : ‘पाणी पाळत नाहीत, समुपदेशन करावे.’

मी या विभागात वैद्यकीय समाजसेविका आहे. हे गृहस्थ पूर्वी टेम्पो चालवत. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली, डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) झाला, त्या हाताने जड उचलणे बंद झाले आणि आठवड्यातले तीन दिवस रुग्णालयात जाऊ लागल्यावर मालकाने दुसरा चालक ठेवला. टेम्पो गेला तेव्हा ते फारसे काही बोलले नव्हते. ते एकूणच कमी बोलणारे.

दुसऱ्या तासाला श्वास मोकळा झाला, तेव्हा मी त्यांच्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसले. (मशीनवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, हा आमच्या कामातला एक थोडासा अन्याय्य फायदा आहे.) पाण्याचे प्रमाण त्यांना पाठ होते : दिवसभरात होणाऱ्या लघवीइतके आणि वर अर्धा लिटर. मग आदल्या दिवशी काय झाले, असे विचारल्यावर बराच वेळ ते मशीनच्या पडद्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, काल भावाच्या घरी साखरपुडा होता. पन्ह्याचा पेला हातात घेतला, तर पोरीनं सगळ्या पाहुण्यांच्या देखत काढून घेतला. म्हणाली, बाबा, तुमचं झालं आजचं. मी काही बोललो नाही. रात्री सगळी झोपल्यावर माठापाशी बसलो आणि तांब्यावर तांब्या प्यायलो. तहान होती, नाही असं नाही. पण तहानेपुरतं नव्हतं ते. घरात जेवायला बसलो की चौकीत बसल्यासारखं वाटतं.”

मुलगी बाहेर बाकावर आईशेजारी बसली होती. नववीत शिकणारी, शाळेच्या गणवेशात. तिच्याजवळ एक दोनशेपानी वही होती आणि तिच्यात तारीखवार चहा, ताक, वरणाचे पाणी, गोळीबरोबरचा घोट असे सगळे मिलिलिटरमध्ये लिहिलेले होते. अक्षर सुरेख होते आणि एकही दिवस सुटलेला नव्हता. रविवारच्या रात्री ती झोपत नाही, हे मला तिच्या आईकडून समजले. ती वडिलांचा श्वास ऐकत पडून राहते. मी तिला विचारले तेव्हा तिने माझ्याकडे न पाहता उत्तर दिले, “काल मी नीट लक्ष दिलं असतं तर हे झालं नसतं.” त्या दिवशी तिचा वार्षिक परीक्षेतला विज्ञानाचा पेपर होता, हे मला गणवेशाची चौकशी केल्यावरच कळले. तिने ते घरी सांगितलेले नव्हते.

आई यावर रडतील असे मला वाटले होते. त्या नुसत्या भिंतीला टेकल्या आणि डोके फार दुखते आहे, असे म्हणाल्या. सिस्टरने रक्तदाब घेतला, तो १७० वर १०४ निघाला. वर्षभरापूर्वी त्यांना गोळ्या सुरू झाल्या होत्या. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या गोळ्या मिळण्याचा वार आणि नवऱ्याच्या मशीनचा वार एकच पडत असल्याने त्यांनी त्या आणणेच सोडून दिले होते. “एका घरात एकच आजारी पुरे, ताई,” असे त्यांचे म्हणणे. मूत्रपिंड निकामी होण्याच्या मोठ्या कारणांत मधुमेहाच्या खालोखाल न आवरलेला रक्तदाब येतो, हे त्यांना समजावून सांगताना मलाच अवघड वाटत होते, कारण पाच फुटांवर त्यांचा नवरा मशीनला जोडलेला होता.

आहारतज्ज्ञ बाईंना मी त्याच दिवशी बोलावून घेतले, आणि माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत उपयोगाचे काम त्यांनी केले. त्यांनी पाण्याचा विषय काढलाच नाही. जेवणात काय असते, एवढेच त्या विचारत गेल्या, आणि शेंगाचटणी, लोणचे, पापड, मिठाची भाकरी असे एकेक बाहेर येत गेले. एवढे मीठ पोटात गेल्यावर एप्रिलच्या सोलापुरी उन्हात माणसाने घोटभर पाण्यावर राहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. रक्तातली साखरही चढलेली होती, आणि तिनेही तहान वाढते. मीठ आणि साखर आवरली तर घरात कोणी पहारा देण्याची गरजच मोठ्या प्रमाणात कमी होते. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून घ्यायचे, त्या बाटलीतून काय केव्हा प्यायचे ते वडिलांनी स्वतः ठरवायचे आणि वहीही त्यांनीच लिहायची, असे ठरले. मुलीने वही देताना तीनदा बजावले की गोळीबरोबरचा घोटही धरायचा असतो.

बाकीच्या गोष्टी माझ्या हातात फारशा नव्हत्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च भागतो. बुडालेली मजुरी किंवा डायलिसिसनंतर एसटीत उभे राहवत नाही म्हणून करावी लागणारी रिक्षा त्यातून भागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हा आजार नाही, त्यामुळे दिव्यांगत्वाचा दाखलाही मिळत नाही. शाळेत मात्र मी तेथूनच फोन केला, आणि मुख्याध्यापिकांनी वैद्यकीय कारणास्तव पेपर पुन्हा घेण्याचे कबूल केले. पुढच्या सोमवारी वडिलांचे वजन ६१.३ भरले. हा आकडा चांगला म्हणता येणार नाही, पण एका बैठकीत सगळे पाणी उतरण्याइतपत जवळचा होता. मुलगी सोबत आलेली नव्हती.

आमच्या फाइलमध्ये रुग्णाचे वजन, रक्तदाब, काढलेले पाणी यांसाठी रकाने आहेत. नातेवाइकांसाठी फक्त सहीची जागा आहे. या फाइलला मी एक जादा कागद जोडला असून त्यावर पत्नीचा रक्तदाब दर बुधवारी लिहिला जातो. त्यांच्या गोळ्या आता आमच्याच रुग्णालयातून मिळतात, मशीन चालू असताना.